रामायण सरळ, कृष्णकथा उलटी : पाथरीच्या सूर्यदासांनी ५०० वर्षांपूर्वी गणिताची रीतही उलगडून ठेवली होती

एक फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलंच असेल.

संस्कृतमध्ये असं एक काव्य आहे, जे सरळ वाचलं तर रामाची कथा आणि उलटं वाचलं तर कृष्णाची कथा. त्याखाली हात जोडलेले इमोजी आणि पुढच्या दहा ग्रुपवर पाठवा असा आग्रह.

हे फॉरवर्ड बहुतेक वेळा ज्या काव्याबद्दल असतं ते म्हणजे 'राघवयादवीयम्'. कांचीपुरमच्या परिसरातल्या वेंकटाध्वरी नावाच्या कवीने ते सतराव्या शतकात लिहिलं. माहिती खरी आहे. पण अर्धीच आहे.

कारण हाच खेळ त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात एका माणसाने खेळून दाखवला होता. तो माणूस आपल्या मराठवाड्यातला. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा.

नाव सूर्यदास. कुणी त्यांना सूर्यपंडित म्हणतं, कुणी दैवज्ञ सूर्य.

आणि गंमत म्हणजे कविता हा काही त्यांचा मुख्य धंदा नव्हता. ते गणिती होते. आज आपण ज्याला अल्गोरिदम म्हणतो, म्हणजे गणित सोडवायची पायरीपायरीची ठरलेली रीत, ती का चालते हे समजावून सांगणं हे त्यांचं खरं काम.

पाथरी म्हणजेच पार्थपूर

अलीकडे पाथरीचं नाव निघालं की साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. २०२० साली तो राज्यभर गाजला. पण जुन्या संस्कृत पोथ्यांमध्ये एक गाव येतं, पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेला असलेलं. अभ्यासक हे पार्थपूर म्हणजेच आजची पाथरी असं मानतात.

या गावात भारद्वाज गोत्राचं एक ज्योतिषी घराणं होतं. घराण्याचा मूळ पुरुष राम याला देवगिरीच्या यादवांच्या दरबारात मान होता, अशी या घराण्याची परंपरा सांगते. पुढे यादव गेले, बहमनी आले, त्यांचेही तुकडे झाले. राजे बदलत राहिले, पण या घरातलं ग्रहगणित चालूच राहिलं.

त्याचं कारण साधं आहे. सत्ता कुणाचीही असो, पंचांग लागतंच. तिथी कोणती, ग्रहण कधी, अधिक महिना कोणत्या वर्षी, हे कुणाला तरी मोजावंच लागतं.

याच घराण्यात नागनाथांचे पुत्र ज्ञानराज झाले. सूर्यदासांचे वडील.

वडिलांनी थेट भास्कराचार्यांशी वाद घातला

ज्ञानराजांनी शके १४२५ मध्ये, म्हणजे १५०३ साली 'सिद्धान्तसुंदर' नावाचा ग्रंथ लिहिला.

हा ग्रंथ किती मोठी उडी होती हे समजायला साडेतीनशे वर्षं मागे जावं लागेल. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. पाटीगणिताची 'लीलावती' आणि 'बीजगणित' ही पुस्तकंही त्यांचीच. त्यांचा दबदबा एवढा, की त्यानंतर लोक त्यांच्यावर टीका लिहित राहिले, पंचांगासाठी छोटी छोटी पुस्तकं करत राहिले. पण विश्वाची रचना, ग्रहांचं गणित असा सगळा संसार पुन्हा पहिल्यापासून मांडणारा मोठा सिद्धान्तग्रंथ सहसा कुणी हाती घेतला नाही. भास्कराचार्यांनंतरचा असा पहिला महत्त्वाचा ग्रंथ म्हणून 'सिद्धान्तसुंदर'चं नाव घेतलं जातं.

इथं ज्ञानराजांपुढे एक अडचण होती. फार मोठी.

ज्योतिषाचे ग्रंथ सांगत होते की पृथ्वी गोल आहे. पुराणं सांगत होती की ती सपाट आहे, मध्ये मेरू आहे, भोवती दुधा-दह्याचे समुद्र आहेत आणि खाली शेषाने तिला उचलून धरलंय. ग्रहण मोजणारा ब्राह्मण आणि पुराण सांगणारा ब्राह्मण बऱ्याचदा एकाच गावात, कधी तर एकाच घरात राहायचा. मग खरं काय समजायचं?

भास्कराचार्यांनी या प्रश्नाला तर्काने उत्तर दिलं होतं. पृथ्वीला आधार हवा असेल, तर त्या आधारालाही आधार हवा. मग त्यालाही हवा. कुठेतरी थांबून अमुक एक गोष्ट स्वतःच्याच शक्तीने उभी आहे असं मानावंच लागणार. मग ते पृथ्वीबद्दलच का मानू नये?

ज्ञानराजांना हे पटलं नाही. पृथ्वी गोल आहे हे त्यांनी मान्य केलं. गणितात तडजोड केली नाही. पण पुराणातला शेषाचा आधार थेट खोटा ठरवायला ते तयार नव्हते. दोन्हींची सांगड घालता येते का, हे त्यांनी पाहिलं.

आज आपल्याला ही सांगड ओढूनताणून आणलेली वाटेल. पण त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्यांनी ग्रंथात विश्वाच्या रचनेचा भाग, म्हणजे गोलाध्याय, आधी ठेवला आणि ग्रहांचं गणित नंतर. म्हणजे आकाश कसं आहे ते आधी समजून घ्या, मग आकडे मोडा.

हा धडा त्यांच्या मुलाने आयुष्यभर जपला.

कुलकर्णीपणावरून पेटलेली लढाई

सूर्यदासांचा जन्म साधारण १५०७-०८ चा. ते दहा-अकरा वर्षांचे असताना पाथरीवर फौजा चालून आल्या.

पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पण तिच्यावर डोळा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा. फरिश्ता हा इतिहासकार याचं कारण देतो ते भारी आहे. निजामशाही घराण्याचे पूर्वज मूळचे ब्राह्मण, पाथरीचे कुलकर्णी. म्हणून बुऱ्हाण निजामशहाला हे गाव काहीही करून हवं होतं. बदल्यात दुसरा मुलूख द्यायचीही त्याची तयारी होती. ते जमलं नाही. १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली. १५२७ मध्ये इमादशहाने ती परत मिळवली. पण ती फार काळ त्याच्याकडे टिकली नाही.

म्हणजे ज्या वयात सूर्यदास गणित आणि व्याकरण शिकत होते, त्याच वर्षांत त्यांच्या गावाचा मालक पुन्हा पुन्हा बदलत होता. अशा गावात बसून कुणी बीजगणितावर लिहील असं वाटणार नाही.

पण लिहिलं.

एक मुलगा वडिलांच्या ग्रंथाकडे, दुसरा भास्कराचार्यांकडे

ज्ञानराजांच्या दोन मुलांची नावं ग्रंथांमुळे टिकली. चिंतामणी यांनी वडिलांच्या 'सिद्धान्तसुंदर'वर टीका लिहिली. तिचं नाव 'ग्रहगणितचिंतामणी'.

सूर्यदास मात्र वळले भास्कराचार्यांकडे. ज्यांच्याशी वडिलांनी वाद घातला, त्यांच्याच दोन पुस्तकांवर मुलाने टीका लिहिली. शके १४६० मध्ये, म्हणजे १५३८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी 'बीजगणित'वरची 'सूर्यप्रकाश' टीका. आणि १५४१ मध्ये 'लीलावती'वरची 'गणितामृतकूपिका', म्हणजे गणिताच्या अमृताची छोटीशी विहीर.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आपण आज टीका म्हणतो ते दोष काढणं. तेव्हाची टीका म्हणजे ग्रंथ उलगडून दाखवणं. शब्दाचा अर्थ काय, नियम कसा लावायचा, उदाहरण कसं सुटतं आणि मुख्य म्हणजे हा नियम बरोबर का आहे. या शेवटच्या भागाला नाव होतं, उपपत्ती.

त्याची गरज का पडायची? कारण 'लीलावती'तले नियम श्लोकात आहेत. पाठ करायला सोपे. पण श्लोकात जागा कमी. त्यात काय करायचं एवढंच मावतं. का करायचं ते मावत नाही.

रील्समधली ट्रिक आणि लीलावती

एक उदाहरण घेऊ. ९७ चा वर्ग झटक्यात कसा काढायचा? रील्सवर ही ट्रिक रोज कुणीतरी शिकवत असतं. ९७ मध्ये ३ मिळवा, १००. ९७ मधून ३ वजा करा, ९४. दोन्हींचा गुणाकार ९४००. त्यात ३ चा वर्ग ९ मिळवा. उत्तर ९४०९.

ही रीत 'लीलावती'त आहे.

आता ती चालते का? ९७ फुटी चौकोनी अंगण डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका कडेची ३ फूट रुंद पट्टी कापा. उरलं ९४ बाय ९७. कापलेल्या पट्टीतला ९४ फुटांचा तुकडा दुसऱ्या बाजूला जोडा. आता झालं ९४ बाय १००. आणि हातात काय उरलं? ३ बाय ३ चा एक तुकडा, म्हणजे ९.

एकदा हे दिसलं की ट्रिक पाठ करावी लागत नाही. ३ च्या जागी कोणताही आकडा घ्या, चालणारच. आणि कुठे चालणार नाही हेही कळतं. रीत आणि उपपत्ती यात फरक आहे तो एवढाच. पण तोच सगळ्यात मोठा आहे.

कुट्टक : भागत जा, मग परत चढत या

सूर्यदासांनी ज्या ग्रंथांवर लिहिलं, त्यातली सगळ्यात जबरदस्त रीत म्हणजे कुट्टक. कुट्टक म्हणजे कुटणारा, बारीक करणारा. ही रीत आर्यभटांच्या काळापासूनची, म्हणजे इसवी सन ४९९ पासूनची. पुढे ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांनी ती वाढवली.

समजा एक फिरता व्यापारी दर १९ दिवसांनी पाथरीत येतो. आज तो आलाय. गावचा आठवडी बाजार आजपासून ३ दिवसांनी आहे आणि नंतर दर ७ दिवसांनी. तर व्यापारी नेमका बाजाराच्या दिवशी कधी येईल?

एकेक दिवस मोजत बसता येईल. उत्तर येतं ३८. कारण ३८ म्हणजे १९ ची दुप्पट, आणि ३८ मधून ३ काढले की ३५, म्हणजे बरोबर पाच आठवडे.

पण १९ आणि ७ च्या जागी आठ-दहा आकडी संख्या असतील तर? ग्रहांच्या फेऱ्यांचं गणित करताना अशाच संख्या यायच्या. तिथं मोजत बसलं तर जन्म जाईल. कुट्टक सांगतो, मोठ्या संख्येला लहानने भागा. १९ ला ७ ने, बाकी ५. मग ७ ला ५ ने, बाकी २. मग ५ ला २ ने, बाकी १. संख्या कुटून कुटून बारीक झाल्या. आता प्रत्येक भागाकाराचं उत्तर हाताशी ठेवून त्याच पायऱ्यांनी उलटं वर या. तुमचं उत्तर मिळेल.

संख्या कितीही मोठी असो, पायऱ्या फार वाढत नाहीत. आजच्या अल्गोरिदमवाल्यांना एखाद्या रीतीत हवं असतं ते हेच.

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. इंटरनेटवर माहिती सुरक्षित पाठवायची आरएसए नावाची पद्धत आहे. तिची गुप्त किल्ली तयार करताना याच जातीचं गणित करावं लागतं. भागत खाली जायचं आणि परत वर यायचं.

झटपट रीत की समजून घेतलेली रीत?

सूर्यदासांच्याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोकणात मुरूडजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञ होते. १५२० साली त्यांनी 'ग्रहलाघव' लिहिला. ग्रहगणितातली ज्या-चापांची, म्हणजे आजच्या भाषेत साइनची किचकट आकडेमोड त्यांनी काढूनच टाकली आणि सोप्या सूत्रांनी काम भागवलं. पंचांगकर्त्यांच्या तो असा हातात बसला, की पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रात पंचांगं त्यावर चालली.

म्हणजे एकीकडे जलद रीत, दुसरीकडे रीतीमागचं कारण. भांडण वाटतं ना? पण तसं नव्हतं. त्याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका लिहिली आणि तिच्यात उपपत्ती दिल्या. सूर्यदासांच्या टीकेनंतर अवघ्या चार वर्षांनी. ज्याने सगळ्यात जलद रीत दिली, त्यालाही कारण सांगावंसं वाटलं.

आजही अल्गोरिदमच्या संशोधनावर जगभर परिषदा भरतात. तिथं नुसतं माझी रीत चालते, करून बघा, असं म्हणून भागत नाही. ती नेहमीच का चालेल याची सिद्धता द्यावी लागते. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखायची रीत दिली. ती जगभर गाजली, कारण सोबत सिद्धता होती. सोळाव्या शतकात अशी परिषद नव्हती. तेव्हा हे काम टीकाग्रंथ करायचे. आधीच्याचं मत मांडायचं, शंका काढायची, उत्तर द्यायचं आणि पोथी पुढच्या गावाला जायची.

आता ते उलटसुलट काव्य

सूर्यदासांनी गणितासोबत बरंच लिहिलं. गीतेवर 'परमार्थप्रपा' ही टीका, नृसिंहावर चंपूकाव्य. पण सगळ्यात भन्नाट प्रकार म्हणजे 'रामकृष्णविलोमकाव्य'. चाळीसच्याही आत श्लोक. प्रत्येक श्लोकाच्या पहिल्या अर्ध्यात राम. तीच अक्षरं शेवटून उलटी लिहिली की दुसरा अर्धा भाग तयार, आणि त्यात कृष्ण.

हे किती अवघड आहे? मराठीत 'रामाला भाला मारा' उलटं वाचलं तरी तेच येतं. ते सोपं. सूर्यदासांना उलटं वाचल्यावर वेगळा अर्थ हवा होता. नदी उलटं केलं की दीन. वन उलटं केलं की नव. राज उलटं केलं की जरा. असे दोन अक्षरी शब्द सापडतात. पण अख्खी ओळ, तीही वृत्तात, व्याकरणात आणि दोन्हीकडून कथा सांगणारी? हे काम नियमांच्या चौकटीत राहून हिशेबाने करावं लागतं. म्हणजे पुन्हा गणितीच हवा.

या प्रकारावर ख्रिस्तोफर मिंकोव्स्की या संस्कृत अभ्यासकाने २००४ मध्ये सविस्तर लेख लिहिला. विलोमकाव्याचा जनक म्हणून त्यांनी सूर्यदासांकडे बोट दाखवलं.

सूर्यदास ज्या मुलखात राहत होते तिथं दप्तरात फारसी होती, जी उजवीकडून डावीकडे वाचतात. मुसलमान विद्वानांच्या ज्योतिषाची त्यांना माहिती होती आणि त्यांनी त्यावर लिहिलंही. एकाच गावात एक लिपी डावीकडून वाचली जातेय आणि दुसरी उजवीकडून. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला एकाच ओळीत दोन दिशांच्या दोन कथा सुचणं नवलाचं नाही.

पाथरीची पोथी लंडनला पोहोचली

१८१७ मध्ये हेन्री कोलब्रुक या इंग्रजाने भास्कराचार्यांच्या गणिताचं इंग्रजी भाषांतर लंडनला छापलं. भास्कराचार्यांना काय म्हणायचंय हे समजून घ्यायला त्याने ज्या टीकाकारांचा आधार घेतला, त्यात गणेश दैवज्ञ होते आणि पाथरीचे सूर्यदासही होते. म्हणजे युरोपला भारतीय बीजगणिताची ओळख झाली, तेव्हा समजावून सांगणाऱ्यांमध्ये एक माणूस परभणी जिल्ह्यातला होता.

पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात या बापलेकांची नोंद घेतली. ज्ञानराजांच्या 'सिद्धान्तसुंदर'चं टोके क्नुडसेन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये अमेरिकेत निघालं.

पाथरीसाठी दोन शाह्या वर्षानुवर्षं भांडल्या. इमादशाही संपली, निजामशाही संपली, कुलकर्णीपणाचा हट्टही संपला. त्याच धामधुमीत एका घरात बसून एकतीस वर्षांचा एक माणूस बीजगणिताचा नियम खरा का आहे ते लिहीत होता. ते लिखाण मात्र अजून वाचलं जातंय.

म्हणून पुढच्या वेळी ते राम-कृष्णाच्या काव्याचं फॉरवर्ड आलं, तर खाली एक ओळ नक्की टाका, असं काव्य त्याच्याही आधी आपल्या पाथरीत लिहिलं गेलं होतं.

आणि गणिताची एखादी झटपट ट्रिक आली, तर पुढे पाठवण्याआधी ती का चालते हे एकदा कागदावर करून बघा. सूर्यदासांनी आयुष्यभर तेवढंच केलं.